छतातला पहारेकरी

१

खोट्या विमानात खरा माणूस मेला होता.

कारखान्याच्या मधल्या दालनात लोखंडी टेकूंवर विमानाचा एक तुकडा उभा होता. त्याला पंख नव्हते, शेपूट नव्हतं, नाक नव्हतं, नुसतं पोट. आत मधोमध चिंचोळी वाट, दोन्हीकडे खुर्च्या, गोलसर खिडक्या आणि खिडक्यांबाहेर ढगांऐवजी दालनाचा करडा पत्रा. कारखान्यातले लोक त्याला 'पोट'च म्हणत. "सर कुठायत?" "पोटात आहेत." हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर आता कुणी हसत नसे.

त्या सकाळी थोरले सर पोटात शिरले ते बाहेर आलेच नाहीत. मागच्या रांगेत, खिडकीजवळ, मान एका अंगाला टाकून ते बसल्या जागी गेले. त्यांच्या पुढच्या खुर्चीची उशी आतल्या आत धुमसून कोळसा झाली होती. ज्वाळा नाहीत, आरडाओरडा नाही. लोटलेलं दार आणि आत कोंडलेला धूर.

नेमकं तेव्हाच घरी त्यांची मुलगी तापाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या खोलीत गेली होती आणि पांघरुणाची नीट घातलेली घडी पाहून चिडली होती. अंगात ताप आहे, उद्या कुठेही जाणार नाही, असं कबूल केलेला माणूस चपलांचा आवाज न करता निसटला होता. ती चिडलेली असतानाच फोन वाजला. पुढे कितीतरी दिवस तिला त्या चिडण्याचंच वाईट वाटत राहिलं.

आता, महिन्याभराने, ती कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत बसली होती. वडिलांच्या वस्तू घेऊन जा, असा निरोप आला होता. टेबलावर चष्मा, मफलर, फोन आणि पेपरमिंटची चेपलेली डबी मांडून ठेवली होती.

"किल्ल्या तेवढ्या सापडल्या नाहीत," कारखान्याचे मालक म्हणाले. त्यांना सगळे साहेब म्हणत. कडक इस्त्री, मऊ आवाज.

"त्या घरी आहेत, दारामागच्या खिळ्याला. त्या दिवशी त्यांनी घेतल्याच नाहीत. वाजतात म्हणून."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विमान-सुरक्षा खात्याच्या तपासणीस बाई बसल्या होत्या. वयस्कर, अंगाने जड, गुडघ्यांनी हैराण. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी आधी खुर्ची पाहिली होती आणि मग माणसं. त्यांच्यासमोर अहवाल होता, आणि सही तेवढी राहिली होती.

"वाचायचाय?" त्यांनी विचारलं.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं: मृत व्यक्तीने स्वतः बनवलेली सुरक्षाव्यवस्था स्वतःच निकामी केली, मृत्यू हलगर्जीपणामुळे.

तिने ते वाचलं. पान खाली ठेवलं. पुन्हा उचलून वाचलं. जो माणूस गॅसची कळ बंद असल्याची खात्री करायला जिन्यातून परत वर यायचा, त्याच्या नावापुढे तो शब्द कायमचा लागणार होता. ज्या कुणाला उद्या अशी खुर्ची बनवायची असेल, तो हा अहवाल काढेल आणि म्हणेल, हाच तो, आपल्याच चुकीने मेलेला.

"निकामी कशी केली?"

साहेबांनी एक पारदर्शक पिशवी पुढे सरकवली. आत बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा होता. काळा, गुळगुळीत, धुराने माखलेला. "हा त्या खुर्चीवरच्या दिव्यात, पहारेकऱ्याच्या डोळ्यावर चिकटवलेला होता. फार वाईट वाटतं सांगायला."

तिने पिशवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तुकड्यातून काहीही दिसत नव्हतं. ती बराच वेळ तशीच धरून बसली. मग म्हणाली, "सही करू नका."

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो..." साहेब म्हणाले.

"भावना बाजूला ठेवा. हे लावून पहारेकरी आंधळा होतच नाही."

२

ती डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे चष्म्याचे नंबर काढायची. 'आता स्पष्ट दिसतंय? की हे?' असं विचारण्यात तिचा दिवस जाई. वडील चिडवायचे, "तुझं खातं दिसणाऱ्या उजेडाचं, माझं न दिसणाऱ्या. तुझी गिऱ्हाइकं तक्रार तरी करतात."

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. विमानातल्या खुर्चीला वीज लागते: समोरच्या पडद्याला, वाचायच्या दिव्याला, फोन चार्ज करायला. ती तारेतून न्यायची म्हणजे पायांखालून वायरींचं जाळं. खुर्ची हलवायची तर सगळं उसकटायचं. त्यांनी तारच काढून टाकली. प्रत्येक खुर्चीच्या वर छतात एक दिवा बसवला आणि खुर्चीच्या माथ्यावर एक तबकडी. दिव्यातून न दिसणारा उजेड तबकडीवर पडायचा आणि तबकडी त्याची वीज करायची. मधे कुणाचा हात आला, डोकं आलं, तर? त्यासाठी दिव्याशेजारी एक डोळा होता. तबकडी सोडून भलत्याच कशावर आपटून उजेड परतला की डोळ्याला ते कळे आणि दिवा तत्क्षणी मिटे. त्या डोळ्याला सगळे पहारेकरी म्हणत.

"आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "तर त्याला काय दिसणार?"

"तुम्हाला आणि मला काही दिसणार नाही. टीव्हीचा रिमोट आहे का इथे?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाहुण्यांच्या खोलीकडे बोट केलं. "आणा ना. तेवढीच करमणूक."

तिने स्वतःचा फोन काढला, त्याचा स्वतःकडे बघणारा कॅमेरा सुरू केला आणि रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना रिमोटच्या टोकाशी काही दिसत नव्हतं. फोनच्या पडद्यावर मात्र तिथे एक फिकट जांभळा ठिपका लुकलुकत होता.

"हा न दिसणारा उजेड. बाबांच्या दिव्यातला याच्याच भावकीतला." मग तिने तो काळा तुकडा, पिशवीसकट, रिमोट आणि फोन यांच्यामध्ये धरला.

ठिपका जेमतेम मंदावला. लुकलुकायचा थांबला नाही.

बाई गुडघे विसरून पुढे झुकल्या. "परत दाबा."

तिने परत दाबलं. "रिमोटच्या तोंडाशी असतं ते काळं झाकण असंच असतं. आपल्याला काळं, त्या उजेडाला काच. मी शाळेत असताना बाबांनी स्वयंपाकघरात हा खेळ करून दाखवला होता, आणि रिमोट फोडला म्हणून आईची बोलणीही खाल्ली होती. पहारेकऱ्याला आंधळं करायचं त्यांच्या मनात असतं, तर त्यांनी जाडसर पुठ्ठा लावला असता. हे नाही."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ उगाच सारखं केलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे हा तुकडा तिथे असो वा नसो, पहारेकऱ्याला सगळं दिसत होतं."

"हो."

"मग तो बघत असताना उशी जळली कशी?" त्या तिच्याकडे पाहत म्हणाल्या. "आणि या तुकड्याचं काम काय होतं?"

३

बाईंची चौकशीची पद्धत गुडघ्यांनी ठरवलेली होती. त्या पोटात शिरल्या, वाटेकडेच्या एका खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ज्याला बोलायचंय त्याने खिडकीजवळ बसावं. "समोरासमोर बसलं की माणसं माझं तोंड वाचतात. शेजारी बसली की समोर बघून बोलतात. प्रवासात नाही का, अनोळखी माणूस आयुष्य सांगून मोकळा होतो."

"मी बाहेर थांबू?" तिने विचारलं.

"रीतीत बसत नाही तुमचं इथे असणं. पण मागच्या खुर्चीत बसा."

पहिल्या आल्या गादीवाल्या मावशी. खुर्च्यांच्या उशा आणि अभ्रे त्यांच्या हातचे. गळ्यात मोजपट्टी, बोटात अंगुस्तान, डोळे रडून सुजलेले, पण जीभ शाबूत.

"नवे अभ्रे कधी चढवलेत?"

"आदल्या संध्याकाळी. खुर्च्या बघायला पाहुणे येणार होते ना दुपारी. साहेब म्हणाले, जुने कळकट दिसतात. कळकट! मी घरचे कपडे धुत नाही इतक्या निगुतीनं धुतलेत ते."

"जळालेल्या उशीचा अभ्रा तबकडीवर आला होता, असं दिसतंय."

"आलाच होता."

बाईंचा आवाज बदलला नाही. "मुद्दाम?"

"मुद्दामच तर काय! अहो, आधी मी अख्खा अभ्रा चढवते, तबकडी झाकून. म्हणजे कापड नीट ताणलं जातं. मग तबकडीपुरती खिडकी कापायची. एखादी राहिली तर काही बिघडत नाही. सकाळी दिवे लावले की तिथला दिवा पेटतच नाही. पहारेकरी पेटू देत नाही ना. थोरल्या सरांच्या हाताखालचे छोटे सर हाक मारतात, 'मावशी, इथली राहिली!' मी कात्री घेऊन धावते. वर्षानुवर्षं असंच चाललंय. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो मला, ढीगभर खिडक्या कोण तपासत बसणार? पहारेकरीच सांगतो."

"म्हणजे तुम्ही त्याच्या भरवशावर कापड तसंच ठेवून घरी गेलात."

मावशींनी मोजपट्टी बोटाला गुंडाळली, सोडली. "गेले. सगळेच त्याच्या भरवशावर होतो की. तुम्ही मला बेड्या घाला, बाई, पण त्याआधी ती उशी तरी बदलू द्या. तो काळा भोकसा बघवत नाही."

"थोरले सर त्या सकाळी येणार होते?"

"पाहुणे यायचे म्हणजे सर आधी येणारच! दाराशी दिव्यांचं बटण आहे ना, ते लावायचं आणि प्रत्येक खुर्चीत स्वतः बसायचं. हात वर करून बघायचं, दिवा मिटतो का. आई मनगटावर दुधाचा थेंब टाकून बघते ना, तसं. ते बसल्याशिवाय दुसरं कुणी बसायचं नाही. ही गोष्ट इथल्या दारालासुद्धा ठाऊक आहे." त्या वळल्या आणि मागे पाहून म्हणाल्या, "पोरी, तापात कशाला गं सोडलंस त्यांना?"

बाईंनी हळूच मावशींच्या हातावर थोपटलं आणि त्यांना जायला सांगितलं.

"कापड तबकडीवर होतं," बाई समोरच्या खुर्चीच्या पाठीशी बोलावं तसं म्हणाल्या. "सरांनी दाराशी दिवे लावले. तपासणी मागून सुरू करायची म्हणून मागच्या रांगेत आले, अंगात ताप, बसले आणि हात वर करून बघायच्या आधीच डोळा लागला. तोवर पुढच्या खुर्चीवरचा दिवा कापडावर पेटलेला. पहारेकरी जागा असता तर तो दिवा पेटलाच नसता. तो झोपलेला होता. पट्टी बांधून नाही; दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने. कुणीतरी त्याला झोपवलं, आणि नंतर त्याच कुणीतरी, किंवा दुसऱ्या कुणीतरी, ही पट्टी आणून बांधली, म्हणजे बोट तुमच्या वडिलांकडे जावं."

"पण ज्याने बांधली त्याला उजेडातलं काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "काळं म्हणजे बंद, असंच त्याला वाटलं."

"असा माणूस इथे कोण?"

दोघींच्या मनात एकच इस्त्रीचा शर्ट आला.

४

साहेब बसायला तयार नव्हते. बाई म्हणाल्या, "माझी मान दुखते वर बघून," तेव्हा बसले.

"दिवे सारखे मिटायचे, ही खरी अडचण होती," ते म्हणाले. "मागच्या खेपेला पाहुणे आले होते. एकाने आळस दिला, दिवा मिटला. एकीने पर्स काढली, मिटला. एकाचं टक्कल चमकत होतं, तो नुसता उठून उभा राहिला तरी मिटला. लोक हसायला लागले. कोण विकत घेईल असली खुर्ची? सरांना ते फार लागलं होतं. म्हणून त्यांनीच या वेळी..."

"सरांना लागलं की तुम्हाला?"

"दोघांनाही."

"बाबा घरी येऊन हसले होते," मागून आवाज आला. "म्हणाले, आज टकल्यालासुद्धा जपलं माझ्या पहारेकऱ्याने."

साहेबांची मान ताठ झाली. "घरी माणूस वेगळं बोलतो, ताई."

"पहारेकऱ्याला झोपवायचं दुसरं साधन काय?" बाईंनी विचारलं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कंट्रोलच्या टेबलावरून करता येतं म्हणतात. त्याला पासवर्ड लागतो. मी तिकडे फिरकत नाही."

"त्या सकाळी कुठे होतात?"

"पाहुण्यांना घ्यायला विमानतळावर. ते सगळे साक्षीला आहेत. फोन आला तसा थेट इकडे आलो. तेव्हा तुमच्या खात्याची माणसं आधीच पोचली होती आणि तुकडा त्यांनीच काढलेला होता."

बाईंनी पर्समधून एक स्क्रूड्रायव्हर काढला. असल्या वस्तू त्यांच्या पर्समध्ये असायच्याच. "जरा हे वरचं झाकण उघडून दाखवता? माझा हात पोचत नाही."

साहेब उभे राहिले. स्क्रूड्रायव्हर झाकणाच्या कडेत घालून त्यांनी एकदा पिरगाळलं, दोनदा पिरगाळलं. कपाळावर घाम आला आणि इस्त्री पहिल्यांदाच बिघडली. "याला वेगळी किल्ली लागते. तिकोनी. एक सरांकडे होती, दुसरी छोट्याकडे आहे. इथे तिसरी नाही."

साहेब उतरून गेले.

सरांची किल्ली घरी, दारामागच्या खिळ्याला होती. राहिली एक.

छोटे सर म्हणजे तिचा दादा. सख्खा नव्हे. वडिलांच्या हाताखाली शिकायला आला तेव्हापासून तो दर रविवारी त्यांच्या घरी जेवायचा. आई त्याला दोनदा वाढायची आणि तो दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने त्यालाच फोन केला होता. 'दादा, बाबांना ताप आहे, उद्या मी त्यांना सोडणार नाही. तू सांभाळून घे.' तो म्हणाला होता, 'ताई, तुम्ही निर्धास्त राहा.'

निर्धास्त. त्या शब्दाला आता दुसराच वास येऊ लागला. बाबा येणार नाहीत म्हणजे मैदान मोकळं, असं तर त्याला वाटलं नसेल?

"पण ते जुळत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "दादाला उजेडातलं बाबांइतकंच कळतं. तो हा तुकडा कशाला लावेल? असल्या चुकीबद्दल तो नव्या पोरांची टर उडवतो."

"हं." बाईंनी डोळे मिटले. "ज्याला कळत नाही त्याच्याकडे किल्ली नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला सगळं कळतं. तरी तुकडा तिथे होता." त्यांनी डोळे उघडले. "अनाड्याने चुकीची वस्तू लावली तर ती चूक. जाणत्याने लावली, तर ती चूक नसते. बोलवा त्यांना."

५

छोटे सर खिडकीजवळ बसले. महिनाभरात चेहरा उतरला होता. सदऱ्याच्या गळ्यातून एक दोरी दिसत होती.

"किल्ली?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कधी काढता?"

"अंघोळीलासुद्धा नाही. सरांचा नियम."

"मग हा तुकडा तुम्हीच लावलात."

त्याने नाही म्हटलं नाही. खिडकीबाहेरच्या पत्र्याकडे पाहत तो म्हणाला, "किती दिवस लागले."

"कशाला?"

"कुणीतरी हसायला." तो म्हणाला. "मी सकाळी आलो, दार उघडलं, धूर. सर गेलेले होते. मी साहेबांना फोन केला. ते आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, गेला तो माणूस गेला, त्याचं काम तरी वाचव. खात्याला कळलं की पहारेकरी आपण झोपवला होता, तर ही खुर्ची कधीच उडणार नाही. सरांचा हात चुकला म्हण. म्हातारपणी चुकतो माणसाचा हात. काहीतरी लावून ठेव डोळ्यावर."

"आणि तुम्ही लावलंत."

"खुर्चीतल्या पडद्याला रिमोटसाठी काळं झाकण असतं, त्याचा तुटका तुकडा घेतला. मुद्दाम तोच. म्हटलं, जो कुणी जाणता माणूस येईल, तो हातात घेईल आणि हसेल. म्हणेल, अहो, हे कुणी लावलं? यातून तर सगळं दिसतं! मग आपोआप सगळं उलगडेल. तुमच्या खात्याची माणसं आली. त्यांनी तुकडा पाहिला, फोटो काढले, म्हणाले, सापडलं. मी तिथेच उभा होतो. कुणी हसलं नाही."

"तोंड होतं ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "जाणत्या माणसाची वाट कशाला बघत बसलात? तुम्हीच तेवढे होतात ना इथे?"

त्याने मान खाली घातली.

"पहारेकरी कुणी झोपवला?"

"मी. आदल्या संध्याकाळी, टेबलावरून. साहेबांचा हुकूम होता: उद्या पाहुण्यांपुढे एकही दिवा मिटता कामा नये. सरांना विचारू नको, ते कधी हो म्हणायचे नाहीत. मी म्हटलं, फक्त दुपारपुरता. दिवे मीच लावीन, आधी खिडक्या बघून घेईन, आणि पाहुणे गेले की त्याला जागा करीन. सर गेल्यावर केला जागा. पहिलं काम तेच केलं."

"पाहुण्यांची डोकी, डोळे? ते कुणाच्या भरवशावर?"

त्याने सदऱ्यातली दोरी मुठीत धरली.

बाई आता वळल्या आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहत बोलल्या. "एक गोष्ट राहिली. पाहुणे यायच्या आधी सर एकटे येतात, स्वतः दिवे लावतात, प्रत्येक खुर्चीत बसतात. इथल्या दारालासुद्धा हे ठाऊक आहे, असं मला सांगितलंय. तुम्हाला तर होतंच. सर येणार हे ठाऊक असताना, त्यांना न सांगता, तुम्ही पहारेकरी झोपवून घरी गेलात. याला मी अपघात म्हणू शकत नाही. त्यांच्यामागे त्यांची जागा तुम्हालाच मिळाली आहे. काही बोलायचंय?"

तो गप्प राहिला.

मागच्या खुर्चीत ती वाट पाहत होती. त्याने एक वाक्य बोलायचं होतं: ताईंचा फोन आला होता. एवढंच. तो ते बोलत नव्हता. मागे वळूनही पाहत नव्हता.

"विचारते आहे मी," बाई म्हणाल्या. "सर येणार नाहीत, असं समजायला तुम्हाला काही कारण होतं?"

"नाही," तो म्हणाला.

६

तो बाहेर गेला. बाईंनी कागद गुडघ्यावर घेतला.

"साहेबांना मी सोडत नाही," त्या म्हणाल्या. "हुकूम त्यांचा, लपवाछपवी त्यांची. पण ते म्हणणार, मला तांत्रिक काही कळत नाही, माणूस त्याने मारला. आणि याच्या तोंडून तर बचावाचा शब्द निघत नाही. असं का?"

मुलगी मफलर मांडीवर घेऊन बसली होती. त्याला धुराचा वास होता, आणि धुराखाली अजून थोडा बाबांचा.

तिला बोलायची गरज नव्हती. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. बाबांच्या नावापुढचा तो शब्द आता पुसला जाणारच होता. तेवढ्यासाठीच ती आली होती. दादाने पहारेकरी झोपवला हे खरं होतं. बाबांच्या मृतदेहाजवळ खुर्चीवर चढून, हात वर करून त्याने तो तुकडा चिकटवला, हेही खरं होतं. ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्या हातांना आई दर रविवारी वाढत आली होती. तो गप्प राहिला होता तो तिच्यासाठी: 'तुम्ही सोडणार नाही म्हणालात आणि सोडलंत' असं कुठल्याही कागदावर उमटू नये म्हणून. तिला त्याची ही मेहरबानी नको होती. राग आला होता तो त्याचाच अधिक.

ती गप्प राहिली असती तर तो जन्मभर आत गेला असता, आणि कुणालाही काही कळलं नसतं.

"त्याला कारण होतं," ती म्हणाली.

बाईंनी पेन थांबवलं.

"आदल्या संध्याकाळी मी त्याला फोन केला होता. बाबा उद्या येणार नाहीत, म्हणून सांगितलं. मी स्वतः. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला."

"तुमच्या फोनमध्ये असेल तो कॉल?"

"असेल. बघा."

बाईंनी फोन घेतला, पाहिला, परत दिला. "हे सांगितलंत म्हणजे त्याची शिक्षा पुष्कळ खाली येईल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि हे अहवालात लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"लिहा. बाबा ऐकायचे नाहीत कुणाचं, हेही लिहा."

बाई पहिल्यांदाच हसल्या, थोड्याच. मग अहवालाचं शेवटचं पान त्यांनी उभं-आडवं फाडलं, तुकडे पर्समध्ये टाकले आणि खुर्चीच्या हाताला धरून कष्टाने उठल्या. "चला. आता पहिल्यापासून लिहायला बसते."

दालनाच्या दाराशी ऊन भगभगत होतं. छोटे सर पायरीवर बसले होते. शेजारी खात्याचा एक माणूस उभा होता. तिला पाहून ते उठले. गळ्यातली दोरी आता दिसत नव्हती. बाईंनी किल्ली काढून घेतली असणार.

"ताई, बाईंनी आत्ता सांगितलं मला. कशाला सांगितलंत? मी बोललो नसतो."

"माहीत आहे."

"सरांनी मला..." त्यांचं वाक्य पुढे गेलं नाही. "आईंना एकदा भेटायला येऊ? पाच मिनिटं. दारातूनच."

ती मफलरची घडी घालत राहिली. घडी झाली, तरी हात कडा जुळवत होते.

"फोनचं खरं होतं, म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "घरी येऊ नका तुम्ही. निदान इतक्यात."

आणि ती उन्हात उतरली.